सुया उकळल्या होत्या का

बोरी अरब,
१४ डिसेंबर १९६२

प्रिय दीनानाथ,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फार गोड पत्र आहे. ‘आपली जुनी मैत्री’, ‘तुझ्यासारखा शिकलेला माणूस त्या तांड्यातलाच असताना’, ‘त्या अडाण्यांची समजूत तूच घालू शकतोस’. वाचता वाचता डोकं असं फिरलं की दोन दिवस उत्तरच लिहिलं नाही. आज लिहितो आहे तेही डोकं शांत झालं म्हणून नाही. बुळकांडी बोरीच्या गुरांत शिरली आहे. बाजाराच्या अंगाला सात बैल पडले. आमचा तांडा इथून दीड कोसावर, त्यात दोनशे चाळीस गुरं, आणि त्यातल्या एकालाही लस टोचलेली नाही, कारण नायकानं सुयांची पेटी शिवेच्या आत आणायला बंदी केली आहे. हे सगळं जिल्ह्याचा गुरांचा साहेब म्हणून तुला कागदावरून कळलंच आहे. बंदी का झाली ते मात्र कागदावर नाही, आणि कसं असेल, तो कागद तूच लिहिला होतास.

जुन्या मैत्रीचं तू काढलंस म्हणून मीही काढतो. यवतमाळच्या हायस्कुलात आपण एका बाकावर बसायचो. मी बोर्डिंगात राहायचो आणि रविवारी तुझ्याकडे जेवायला यायचो. तुम्ही सगळे आत बसायचात, माझं पान ओसरीवर. जेवण झालं की मी माझं ताट घासून तुळशीच्या मागच्या भिंतीला उन्हात उपडं ठेवायचो. तिथंच त्याची जागा होती, आतल्या भांड्यांत ते कधी गेलं नाही. मला त्यात काही खटकायचं नाही. तुझे वडील शिरस्तेदार, त्यांच्या घरी जेवायला मिळतं याचाच मला तोरा होता. पुढं एका दिवाळीच्या सुट्टीत तू तांड्यात आलास. बाच्या तट्टावर बसलास, दोनदा पडलास, तिसऱ्यांदा पळवलंस. माझ्या आईला तू आमच्यासारखाच याडी म्हणायला लागलास. तिनं धारोष्ण दूध पितळेच्या पेल्यात दिलं तेव्हा तू पळसाच्या पानांचा द्रोण करून मागितलास, द्रोणातून दुधाला रानाची चव येते म्हणालास. शहरातला पोरगा किती हौशी आहे म्हणून सगळा तांडा हसला. मीही हसलो. त्या द्रोणाचा अर्थ कळायला मला बारा वर्षं लागली, इतका मी हुशार.

तू जबलपूरला जाऊन गुरांचा डॉक्टर झालास, मी मॅट्रिकला थांबलो आणि दारव्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो. तुझी पहिली नेमणूक तिथंच झाली, तेव्हा मी स्टँडवर हार घेऊन उभा होतो. पहिल्याच दिवशी तू मला बाजूला घेऊन सांगितलंस की चार माणसांत साहेब म्हणत जा, बरं दिसतं. म्हणत गेलो. कामाला तू वाईट नव्हतास, हे लिहिताना हात जड होतो, पण खरं ते खरं. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तू वासरू फिरवायचास. शेणानं, रक्तानं, वारेनं सगळा भरायचास आणि तुला कधी किळस आली नाही. म्हणून तर त्या दिवशी तू जे केलंस त्याचं मला अजून नवल वाटतं.

तो दिवस तू विसरला असशील तर आठवण करून देतो. साठ सालचा पोळा होऊन आठ दिवस झाले होते. तांड्यानं गुरं आणि तट्टं सुईखाली आणावी म्हणून मी चार महिने घरोघर फिरत होतो. म्हाताऱ्यांना सुईची भीती होती. मी सांगायचो, सुई तुमच्या डोळ्यांदेखत उकळू, उकळलेल्या सुईनं कोणाला काही होत नाही, झालं तर माझ्या तोंडात शेण घाला. उकळलेली सुई हा माझा मंत्रच झाला होता, पोरं मला त्यावरून चिडवायची. शेवटी नायक अमरसिंग तयार झाला. गुरांना घटसर्पाची लस आणि सहाही घोड्यांना धनुर्वाताची, असं तू ठरवलंस. आमच्यात कोणतंही नवं काम नायकाच्या दारापासून सुरू होतं, तसं घोड्यांत त्याच्या पांढऱ्या घोडीला पहिली सुई मिळायची होती. ती घोडी मला बरी दिसत नव्हती. अंगात ताप येऊन जाऊन, पाय सुजलेले, पोटाखाली पाणी उतरलेलं, माशांनी फोडून काढलेली. मी तुझ्या कानात सांगितलं की हिला आज ठेवू नाहीतर सगळ्यांत शेवटी घेऊ. तू म्हणालास, नायकाचा मान मोडला तर तांडा गुरं घेऊन उठेल. यात तू चुकला नव्हतास. उठलाच असता.

गुरं आटोपली आणि तुझा स्पिरिटचा स्टोव्ह विझला. बाटलीच्या तळाशी चमचाभर स्पिरिट उरलं होतं. मी घराकडे धावलो. याडीनं चुलीवर आधीच पाणी ठेवलं होतं, पोराचा साहेब आला म्हणून चहासाठी. चहा तू घेणार नाहीस हे मला माहीत होतं, पण पाणी खळखळत होतं. तेच पातेलं दोन फडक्यांत धरून ती स्वतः तुझ्या टेबलापर्यंत घेऊन आली. तू पातेल्यात पाहिलंस आणि हळूच मला विचारलंस, यात एरवी काय शिजतं. मी खरं सांगितलं, सणावाराला बोकड शिजतो. तू तिला म्हणालास, “राहू दे याडी, कशाला त्रास घेतलास.” मग उरलेल्या स्पिरिटात कापूस भिजवून तू सुई पुसलीस. गाईच्या गर्भाशयात हात घालणाऱ्या माणसाला माझ्या आईच्या पातेल्यातलं उकळतं पाणी चाललं नाही. नायकाची घोडी आधी, हा रिवाज आमचा. पातेलं नको, हा रिवाज तुझा. पांढरीच्या अंगातून निघालेली सुई तू पुसून पाचही तट्टांना टोचलीस, आणि तट्टं धरायला मी होतो. मी बोललो नाही. साहेबाला चार माणसांत कसं बोलायचं? याडी पातेलं घेऊन परत गेली, पाणी वाटेत निंबाखाली ओतलं.

पुढचं तुला माहीत आहे. तीन आठवड्यांत पाचही तट्टं पांढरीसारखीच झाली. दाणा खायची आणि वाळत जायची, मागचे पाय लटपटायचे, शेवटी उठेनाशी व्हायची. दारव्ह्याला तू बाच्या तट्टाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिलास आणि स्टुलावर बसून राहिलास. मलाही डोळा लावायला लावलास. त्या रक्तात बारीक किडे वळवळत होते. ‘सर्रा’ एवढंच तू म्हणालास. हा रोग माशी एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेते आणि न उकळलेली सुईही नेते, हे मला तूच शिकवलं होतंस. औषध येईपर्यंत चार गेली होती, आल्यावर दोन गेली. बाचा एक पाय अधू आहे, तट्टू होतं तोवर तो दिग्रसच्या बाजारापर्यंत जायचा. आता तांड्याच्या विहिरीपर्यंत जातो आणि परत येतो.

नायकानं नसाब बोलावला. तुला ठाऊक आहे, नसाब म्हणजे आमची पंचायत, तिथं खोटं बोलणाऱ्याला तांड्यात जागा नसते. आदल्या दिवशी तू दवाखान्याचं दार लोटून माझा हात धरलास. नोकरी कायम व्हायला तुला चार महिने होते. “देवसिंग, तेवढं सांभाळून घे, मी तुझे उपकार विसरणार नाही,” म्हणालास. तेव्हा मला अहो साहेब म्हणायला लागलं नाही. जमिनीवर माझ्याजवळ बसलास. त्या जवळ बसण्याला मी भुललो रे. दुसऱ्या दिवशी निंबाखाली नायकानं सगळ्यांसमोर एकच विचारलं, “देवसिंग, त्या सुया उकळल्या होत्या का?” मी म्हणालो, “होत्या.” बायका नसाबात बसत नाहीत, पलीकडे उभ्या असतात. त्यांच्यात याडी होती. तिनं ओढणी पुढं ओढून घेतली आणि घरी गेली. त्या रात्री तिनं मला वाढलं, पण एकच बोलली, “त्याच्यापायी तू कायले खोटा झाला?”

मी तुला वाचवलं. तू वरिष्ठांना अहवाल पाठवलास की तांड्यातल्या लोकांनी घोड्यांची निगा ठेवली नाही, डाग देऊन गावठी उपचार केले आणि जनावरं दगावली. त्याची नक्कल मी माझ्या हातानं फायलीला लावली. तू कायम झालास, बढती घेऊन यवतमाळला गेलास. मला बोरीच्या या एका खोलीच्या दवाखान्यात टाकून गेलास. तेही मी गिळलं असतं. पण माझ्या त्या एका शब्दानं झालं काय, ते तुझ्या ध्यानात येतंय का? सुई न उकळता टोचली म्हणून तट्टं मेली, एवढं तांड्याला कळलं असतं तर त्यांनी तुला जाब विचारला असता आणि पुढच्या वेळी चूल पेटवून समोर बसले असते. मी त्यांना सांगितलं की उकळलेल्या सुईनंच तट्टं मेली. आता त्यांनी कोणत्या सुईवर विश्वास ठेवायचा? तू ज्यांना अडाणी लिहितोस त्यांचं गणित बरोबर आहे. चूक तुझ्या कापसात होती आणि माझ्या तोंडात.

म्हणून काल मी स्वतः नसाब बोलावला. दोन वर्षांपूर्वी खोटं बोललो, सुया उकळल्या नव्हत्या, असं उभ्यानं सांगितलं. तुझं नाव घेतलं, पातेल्याचंही सांगितलं. बा खाली मान घालून बसला होता. नायक म्हणाला, “तवा खोटं बोलला का आता बोलून राह्यला, आमी कोनतं धरावं?” त्यांनी मला तांड्याबाहेर काढलं आहे. हे पत्र दवाखान्यात बसून लिहितो आहे, अंथरूणही इथंच आहे. एवढंच ठरलं की डॉक्टरनं स्वतः येऊन, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडानं सांगितलं तर तांडा लस टोचून घेईल. त्यांना तुझी नोकरी नको, दंड नको. मंगळवारी नसाब पुन्हा बसेल. दारव्ह्याच्या पहिल्या यष्टीनं बर्फात ठेवलेली लस घेऊन ये आणि निंबाखाली उभा राहून सांग. नाही आलास तर हेच सगळं मी तुझ्या वरिष्ठांना लिहीन, पण त्यानं तुझं वाटोळं होईल, गुरं वाचणार नाहीत, हे मलाही कळतं. मी तुला माफ केलेलं नाही आणि मंगळवारनंतरही करणार नाही. बाच्या तांबड्या गाईच्या तोंडाला आज सकाळपासून लाळ सुटली आहे. मी तांड्याच्या शिवेपर्यंत गेलो होतो, याडीनं तिथं येऊन दुरूनच सांगितलं. त्याच गोठ्यात अजून अकरा बांधलेली आहेत. ये.

तुझाच, तू कसाही असलास तरी,
देवसिंग रूपसिंग राठोड