संत अगाथेच्या ताटातले पाव

आई, आज संत अगाथेचा सण. आपल्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर तिचं चित्र असायचं: हातात ताट, ताटात दोन गोल पाव. तू दरवर्षी देवळातून आशीर्वादित पाव आणून फडक्यात बांधून ठेवायचीस. मी विचारलं होतं, ती पाव कुणाला वाढते? ‘‘भुकेल्यांना,’’ तू म्हणालीस. पुढे मुंबईत एक्स-रेचं शिक्षण घेताना हॉस्टेलच्या सिस्टरने सांगितलं, ते पाव नव्हेत. अगाथेने स्वतःला ख्रिस्ताला वाहिलं होतं, म्हणून तिने सिसिलीच्या सुभेदाराशी लग्नाला नकार दिला. त्याने तिचे स्तन कापायला लावले. तेच त्या ताटात आहेत. त्या दिवशी मी नेहमीसारखी जेवले.

तुला हे सगळं ठाऊक होतं. तुझ्या छातीतल्या गाठीसाठी बाबांनी मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तेव्हा तू तांदूळ निवडत बसली होतीस आणि मान वर न करता म्हणालीस, ‘‘तुरुंगात म्हातारा औषध घेऊन आला, तेव्हा अगाथा काय म्हणाली? या देहाला मी कधी औषध लावलं नाही. आणि तो निघाला संत पेत्र. झाली ना बरी?’’ बाबा म्हणाले, ‘‘ती संत होती. तू माझी बायको आहेस.’’ तू हसलीस. वेळ टळून गेली. तू रोज त्या पावाचा तुकडा पाण्यात भिजवून खात राहिलीस. बरी झाल्यावर अगाथेला निखाऱ्यांवर लोळवलं आणि ती तुरुंगातच मेली, हा भाग तू कधी सांगितला नाहीस.

आता मी दुबईला, देरा भागातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. रत्नागिरीकडच्या एका मुसलमान कुटुंबाकडे खोली घेतली आहे. घरमालकिणीला मी भाभी म्हणते. मागच्या महिन्यात तिने दाराला कडी घातली, माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. ‘‘तू मशीनवाली ना गो? बघ काय हाय.’’ गाठ टणक होती, हलत नव्हती. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवावं लागेल. ‘‘मर्दाला? तौबा! मेल्यावर धुवायलासुद्धा बायकाच येतात आमच्यात.’’ मी गाठींचे प्रकार समजावले. ती म्हणाली, ‘‘रेडिओवर बातम्या देतेस काय?’’

मग मी अगाथेची गोष्ट सांगितली. लाजून गप्प बसलेल्या बाईला ती कळेल असं मला वाटलं. ऐकून ती खूश झाली. ‘‘बघ! दवा नको बोलली आणि बरी झाली. मग मला कशाला पाठवतेस?’’

तुझंच वाक्य. मी शेवट सांगितला, तर ती म्हणाली, ‘‘ती निखाऱ्यांनी मेली, गाठीनं नाय.’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या आईला हेच झालं होतं. डॉक्टरांनी कापून काढलं.’’

‘‘जित्ती हाय?’’

‘‘हो.’’

‘‘हात वर जातो? वेणी घालता येते?’’

‘‘सुरुवातीला जात नव्हता. आता येते घालता.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर हलवली नाही. शेवटी म्हणाली, ‘‘यल्ला, चल, बोलव तुझ्या डॉक्टरला. पण तू बाजूला उभी राहायचंस.’’ मी उभी राहिले.

काल ती नवऱ्याबरोबर मुंबईच्या बोटीने गेली. तिथे ऑपरेशन ठरलं आहे. बोट बाहेर समुद्रात उभी असते. तिथवर नेणाऱ्या लाँचमध्ये बसताना तिने बुरखा सावरला आणि ओरडून सांगितलं, ‘‘तुझ्या आईला माझा सलाम लिही! सांग, तुझ्यामुळे जाते.’’ आजूबाजूचे हमाल बघायला लागले. मी मान हलवली.

म्हणून हे लिहिलं. सलाम तुझा आहे, माझ्याकडे ठेवता येत नाही, आणि तुझ्या कबरीवर पाठवताही येत नाही. गाठ मोठी होती. भाभी परत येईल की नाही, मी सांगू शकत नाही. आली तर तुझी खुशाली नक्की विचारील. तू बरी आहेस, असं मी सांगेन. खरं सांगायचं तर, ती विचारील याची मी वाट बघते आहे.