यादीतल्या पुसलेल्या खुणा

बाबा, तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते.

सातिवलीच्या रबराच्या कारखान्यात तुम्ही मॅनेजर होतात आणि मी बी.कॉम. होऊन तुमच्याच हाताखाली, ऑफिसातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी मशीनं पुसून पुजायची पद्धत. तुम्ही कॉम्प्युटरलाही झेंडू वाहिलात, आणि साफसफाईच्या भरात मेलमध्ये कुठले फोल्डर दिसावेत त्याची यादी उघडून जुन्या गिऱ्हाइकांच्या नावांपुढच्या खुणा काढून टाकल्यात. सुट्टीनंतर बघते तर ते फोल्डरच दिसेनात. शेठना त्यातल्याच एका गिऱ्हाइकाचं जुनं ड्रॉइंग हवं होतं; त्यावाचून ऑर्डर अडली होती. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हिनंच पुसलं असणार. शिकलेल्या पोरींची घाई ही!" शेठ म्हणाले, "काय मॅनेजर, घरचं माणूस ठेवलं की असंच होतं ना?" तुम्ही हसलात, आणि मला पॅकिंगच्या टेबलावर वायसर भरायला बसवलंत. ते हसू मी विसरलेले नाही. आपण काय केलंय ते तुम्हाला आठवत होतं, की माझीच चूक आहे असं खरंच वाटत होतं? पहिलं असेल तर तुम्ही भित्रे होतात. दुसरं असेल तर तुम्ही मला कधी ओळखलंच नाहीत.

त्या संध्याकाळी तुळिंजच्या घरी तुम्ही ओट्यापाशी उभे आहात. ताटाला हात लावलेला नाही. आईला वाटतंय, पित्त झालंय. ती बाल्कनीत गेल्यावर तुम्ही हळूच विचारता, "सापडेल ना गं? शेठ मला ठेवायचे नाहीत."

"माहीत नाही," मी म्हणते.

तिसऱ्या दिवशी मी ती यादी उघडून खुणा पुन्हा केल्या. पत्रं कंपनीच्या सर्व्हरवर जशीच्या तशी होती, फोल्डर झरझर दिसू लागले. तुम्ही म्हणालात, "बघा, पुसलेलं आणलं परत!" म्हणजे पुसलं मीच, हे कायम झालं.

हे पान वहीतच राहील. तुम्ही खुणा काढत होतात तेव्हा मी स्टुलावर चढून पंखा पुसत होते. तुमची पाठ आणि ती यादी, दोन्ही मला दिसत होत्या. फोल्डर कुठे गेलेत ते मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. तुम्ही उपाशी झोपलात त्या दोन्ही रात्री मी पोटभर जेवले.