जास्वंदीची सहावी पाकळी

प्रिय धाकट्या,

आपल्या पुस्तकाची प्रूफं पोचली. तुझा मजकूर आणि माझी चित्रं अशी चाळीसही पानं मी खिडकीपाशी बसून पाहिली आणि जास्वंदीच्या पानावर थांबले. माझ्या फुलाची एक पाकळी तिथून नाहीशी झाली आहे. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, ‘ताई, जास्वंदीला पाचच पाकळ्या असतात, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. सहावी छापखान्यात काढून टाकली. रागावू नकोस, सही करून पाठव.’ मी रागावले आहे. पण जन्मभर शिकवण्याची खोड असल्यामुळे आधी समजावून सांगते.

जास्वंदीचं फूल जेमतेम एक दिवस टिकतं. सकाळी सातला पाहिलेली पाकळी अकरापर्यंत मागे वळते. म्हणून मी सुरुवातीला रंगाला हातच लावत नाही. सगळ्या कडा पेन्सिलीनं नोंदवते आणि रंगासाठी दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवरचं नवं फूल घेते. बागेतल्या नळापाशी जे झाड आहे, त्याच्या एका फांदीला यंदा लागोपाठ तीन फुलं सहा पाकळ्यांची आली. तिसरं मी ब्लेडनं सोडवलं आणि पाकळ्या पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडल्या. सहाच भरल्या. रविवारी तू आलास, फाटकाजवळच्या झाडाची फुलं मोजलीस आणि चहा पिऊन गेलास. नळापर्यंत काही फिरकला नाहीस, कारण तिथे चिखल होता आणि तुझे बूट नवे होते.

आता तुझ्या दुरुस्तीतली गंमत पाहा. फुलाच्या मधोमध जो लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला मखमली लाल ठिपक्यांसारख्या कुक्षी असतात. साध्या फुलात त्या पाच असतात, माझ्या फुलात सहा होत्या आणि मी सहाच रंगवल्या. तू पाकळी खोडलीस, कुक्षी मात्र तशाच ठेवल्यास. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नावानं पाच पाकळ्या आणि सहा कुक्षींचं फूल छापलं जाणार आहे. असं फूल ना माझ्या बागेत आहे, ना तुझ्या ग्रंथांत. ते फक्त तुझ्या छापखान्यात उमलतं.

तू जे लिहिलं नाहीस, तेही मला वाचता येतं. रविवारी भर दुपारी तू दोनदा विचारलंस, ‘ताई, दिवा लावू का?’ निघताना तुझ्या बायकोनं माझ्या चष्म्याचा विषय काढला. म्हातारीला एकाचे दोन दिसू लागले आहेत, असं तुम्ही दोघांनी गाडीत ठरवलं असणार. मला स्पष्ट विचारण्याची तुमची हिंमत झाली नाही, म्हणून पाकळीवर हात चालवलात.

तर मीच स्पष्ट सांगते. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि तो काढायचा ठरला आहे. घरी येऊन गोकर्णीच्या माझ्या नव्या चित्राशेजारी दहा वर्षांपूर्वीचं ठेवलं; नव्या निळ्यात मळकट पिवळेपणा शिरला आहे. पुस्तकासाठी यंदा रंगवलेली तिन्ही निळी फुलं त्यामुळे मी स्वतः मागे घेते, ती नव्यानं रंगवीन. रंगात माझी चूक झाली, हे मान्य. पाकळ्या मात्र मी बोटांनी मोजल्या आहेत आणि त्या सहा आहेत. शस्त्रक्रियेच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तिथे तुझं नाव घातलं आहे, कारण दुसरं कुणी नाही. बुधवारी सकाळी नऊला दवाखान्यात ये आणि सहा पाकळ्यांचं पान घेऊन ये. ते आणलं नाहीस, तर तुझी सही मला नको. मी तशीच घरी परतेन आणि या धूसर डोळ्यानं नळापाशी चिखलात बसून पुढचं फूल रंगवायला घेईन.

तुझीच, सात वर्षांनी मोठी आणि अजूनही तुझं न ऐकणारी,
ताई