मॉरिसचे इंजिन, माझ्या पश्चात

मी, हिंमतराव सुखदेव इंगोले, वय अडुसष्ट, निवृत्त टूलरूम फिटर, मूळचा यवतमाळकडचा, हल्ली राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा दबाव टाकायची कोणाची टाप नाही, हे आमच्या सोसायटीत कोणीही सांगेल. डॉक्टर अलीकडे माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत, म्हणून ही घाई. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे आणलाच तर तो खोटा समजावा.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेतले जे काही असेल ते माझी पत्नी जया हिला मिळावे. तिच्या पश्चात सर्व आमची सून पूर्वा हिला. बाथरूममधली गळती वरच्या मजल्यावरून येते, आमच्या पाइपातून नाही. सेक्रेटरीसाहेबांनी माझ्या मरणाचा फायदा घेऊन तो वाद पुन्हा उकरून काढू नये.

कलम २. माझी सर्व हत्यारे, लहान लेथसकट, मच्छिंद्र ढोले यास द्यावीत. हा कंपनीतला माझा जोडीदार. आता हडपसरला त्याचे गॅरेज आहे. माझा मापाचा व्हर्नियर त्याने पूर्वीच नेला आहे आणि परत करायचे नाव काढत नाही, म्हणजे तेवढे वाटप झालेच.

कलम ३. माझ्या नावावर १९५१ सालची मॉरिस मायनर मोटार आहे. कंपनीत नवी यंत्रे आली आणि टूलरूमला नारळ दिला, त्या वर्षी ही गाडी मला हडपसरच्या एका मळ्यात दिसली. आत कोंबड्या बसत होत्या. मळेवाल्याने गाडी दिली आणि पुढे मळाही विकला. तिथे आता काचेच्या इमारती आहेत. आमचा एकुलता एक मुलगा अनिरुद्ध त्यातल्याच एका इमारतीत संगणकावर कामाला लागला.

अनिरुद्ध तेव्हा कॉलेजात होता. रविवार आला की आम्ही दोघे गाडीखाली. जया जेवायला हाका मारून थकायची. मूळ इंजिन आम्ही पूर्ण खोलले, व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या, आणि काही वर्षांनी ते सुरू झाले. मी जयाला त्याच गाडीतून मंडईत नेले. येताना ती पालकाची जुडी मांडीवर घेऊन राणीसारखी बसली होती. माझ्या आयुष्यातला तो चांगला दिवस होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

कलम ४. इंजिनाच्या वादाबद्दल लोक वाटेल ते बोलतात, म्हणून खरे काय ते लिहितो.

अनिरुद्ध म्हणाला, "बाबा, ही कात्रजचा घाट चढायची नाही."

मी म्हणालो, "चढेल. थांबत थांबत."

"मला रोज ऑफिसला न्यायचीय ही. जिप्सीचं इंजिन बसवू ना. मस्त पळेल."

पहिला बोनस मिळाल्याबरोबर त्याने जिप्सीचे जुने इंजिन आणूनच ठेवले, पार्किंगमध्ये, लाकडी घोडीवर. ते बसवायला गाडीची पुढची आडवी पट्टी कापावी लागणार होती. माझे म्हणणे असे, की इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक असला तर ती गाडी, नाहीतर नुसता पत्रा. आणि एकदा कापले की परत फिरता येत नाही. माझे हे मत आजही बदललेले नाही.

बोलाचाली झाली. माझा आवाज चढला. मी म्हणालो, "मी मेल्यावर बसव तुझं इंजिन."

तो हसला. म्हणाला, "बरं बाबा, थांबतो. मला कुठे घाई आहे."

नंतर त्याने ड्रॉइंग पुन्हा काढले. या खेपेला काहीही कापायचे नव्हते, इंजिन धरणाऱ्या नव्या पकडी जुन्याच भोकांवर बसणार होत्या. कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. मी त्यावर चहाचा कप ठेवला. त्याच महिन्यात हडपसरला कामावर जाताना, भर सकाळी, त्याच्या मोटारसायकलला ट्रकने धडक दिली. जागीच गेला. लग्नाला वर्षही झाले नव्हते.

त्याचे इंजिन बसले असते तर त्या दिवशी तो मॉरिसमधून गेला असता, हे जया मनात धरून आहे.  

कलम ५. त्यानंतर दर महिन्याला मी त्या जिप्सीच्या इंजिनाचे प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतो आणि पान्याने ते हाताने फिरवतो. न फिरवता ठेवले तर इंजिन जाम होते. खंडेनवमीला मी झेंडूची माळ मॉरिसला घालतो. जया दुसरी माळ करून आणते आणि त्या घोडीवरच्या इंजिनाला घालते.

गेल्या उन्हाळ्यात मी अनिरुद्धचे ड्रॉइंग बाहेर काढले. त्यावर कपाचा गोल डाग आहे. कुठेतरी चूक सापडेल म्हणून गाडीखाली झोपून प्रत्येक माप ताडून पाहिले. चूक नाही. मग लेथ सुरू केला आणि त्याने काढल्या होत्या तशाच पकडी केल्या. त्या डिकीत गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत. मच्छिंद्रने त्यांना कानस लावू नये, त्या बरोबर आहेत.

कलम ६. जुन्या मोटारींच्या क्लबचे दिग्विजयसाहेब ही गाडी मागत आहेत. मूळ इंजिनासकट असेल तरच, ही त्यांची अट. अनिरुद्धच्या तेराव्याला आले तेव्हाही त्यांची नजर बॉनेटवर होती. त्यांना गाडी विकू नये, दाखवूही नये. चहा द्यायला हरकत नाही.

कलम ७. गाडी पूर्वाला द्यावी. पूर्वा, पुढचे तुझ्यासाठी आहे.

तू रविवारी येतेस, गाडीत डावीकडे बसतेस आणि उजवी सीट मोकळी ठेवतेस, ते मी गॅलरीतून पाहतो. तू पुन्हा लग्न कर. तुझे वय ते काय. तेव्हाही गाडी तुझीच राहील, कोणी तोंड वर करून विचारले तर हे कलम दाखव. आणि उजवीकडे बसून चालवायला शीक.

तू मला म्हणालीस, "बाबा, तुमचंच इंजिन राहू द्या ना. अनिरुद्धही शेवटी तेच म्हणाला असता." नसता म्हणाला. मुलगा कोणाचा होता.

म्हणून अशी व्यवस्था करतो. माझे दिवसकार्य उरकल्यावर मच्छिंद्रने मूळ इंजिन उतरवून, ऑइल लावून, त्याच घोडीवर ठेवावे. अनिरुद्धचे इंजिन डिकीतल्या त्या पकडींवर गाडीत बसवावे. बदल आरटीओत रीतसर नोंदवावा. पहिल्यांदा स्टार्टर पूर्वाने मारावा, आणि गाडी कात्रजचा घाट चढवून न्यावी. जयाला सोबत घ्यावे.

हे कलम मी जयाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, मग आत्ताच बसवा की. मरायची वाट कशाला बघायची?"

बरोबर बोलली. माझ्याकडे उत्तर एवढेच आहे, की ते इंजिन सुरू होईल आणि तो शेजारी नसेल, हे मला सोसणार नाही. माझ्यात तेवढी ताकद नाही. मी गेल्यावर तुम्ही ऐका.

शिवाय तसे बोलणे झालेले आहे. मी म्हणालो होतो, मी मेल्यावर बसव. तो म्हणाला होता, थांबतो. तो थांबला नाही. माझा शब्द मी पाळतो आहे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत, त्यांच्यासमोरच सही केली.

हिंमतराव सुखदेव इंगोले

साक्षीदार:
१. डॉ. दीपमाला उत्तरेश्वर कानडे, कर्वेनगर. (लिहिणारे शुद्धीवर होते. मध्ये एकदा पाणी प्यायले.)
२. दत्तोबा बाबूराव निंबाळकर, सेक्रेटरी, आमची सोसायटी. (गळतीबाबतचे म्हणणे मान्य नाही. बाकी सही माझ्यासमोर झाली.)

स्थळ: कर्वेनगर, पुणे
दिनांक: ११ ऑक्टोबर २००८