सभागृहात घेतलेली हजेरी

तीर्थस्वरूप ताईस,

तू ज्याला कान धरून वाढवलंस आणि लोकांनी ज्याला (तुझा भाऊ म्हणूनच बहुधा) निवडून दिलं, त्या धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली फडताळात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? शाळेत फळ्यावरचं वरचं लिहायला स्टुलावर चढू नकोस. खालच्या अर्ध्या फळ्यात काय ते शिकव, मुलं तशीही खालचंच वाचतात. माझी प्रकृती उत्तम आहे. वजन वाढलं आहे, पण ते सगळ्याच आमदारांचं वाढतं, त्यात माझा वैयक्तिक दोष नाही.

पत्रास कारण की, तुझ्या शाळेचं काम झालं. म्हणजे झालं असं वाटतं. म्हणजे काहीतरी झालं आहे आणि ते काय झालं हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

विसापेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा बंद करायच्या असं सरकारने ठरवलं आणि तुझ्या पटावर सात मुलं आहेत, हे तू मला कळवलंस तेव्हाच मी कामाला लागलो होतो. सभागृहात विचारायला मी एक प्रश्न लिहिला. चांगला तीन पानी झाला. त्यात शाळेची खोली होती, अंगण होतं, झाडाला टांगलेला घंटेचा लोखंडी तुकडा होता, आणि दुपारी टेकडीवरून ढगाची सावली उतरून अंगणात यायची तेव्हा तू पुस्तक मिटून आम्हाला तिच्यामागे पळू द्यायचीस, तेही होतं. सदस्यांचे प्रश्न तपासते त्या प्रश्न शाखेतल्या एका कारकुनांनी तो शांतपणे वाचला, चष्मा पुसला आणि ते म्हणाले, साहेब, यात प्रश्न कुठे आहे? मग त्यांनी त्याचं असं केलं: सदर शाळा बंद करण्यात येत आहे, हे खरे आहे काय, असल्यास, त्याची कारणे काय आहेत? तीन पानांचं दीड ओळीत आटोपलं. मला वाईट वाटलं, पण त्या सरकारी भाषेचा गोडवा जिभेवर राहिला. घरी येऊन मी तुझ्या भावजयीला विचारलं, चहा होत आहे, हे खरे आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय? ती म्हणाली, प्रश्न उद्भवत नाही. (ती माझ्या आधी मंत्री होईल.)

तर प्रश्न लागला. जेवणानंतरची वेळ. ताई, तू सभागृह पाहिलेलं नाहीस म्हणून सांगतो, त्याला खिडक्या नाहीत. असं घर कुणी बांधलं देव जाणे. फक्त वर छताला काचेचं एक तावदान आहे आणि त्यातून उन्हाचा एक तुकडा खाली गालिच्यावर पडतो. सकाळी तो सत्ताधाऱ्यांच्या बाजूला असतो आणि दुपारपर्यंत सावकाश विरोधकांच्या बाजूला सरकतो. बाजू बदलल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही. खुर्च्या इतक्या मऊ आहेत की बसल्यावर आपल्याला अंग आहे हेच विसरायला होतं. कुणीतरी बोलत असतं, पण लांबून, शेजारच्या घरात कुणी अंगाई म्हणत असावं तसं. मी माझ्या प्रश्नाची वाट बघत, टाचणाचे कागद मांडीवर घेऊन, त्या उन्हाकडे बघत बसलो. झोपलो नव्हतो, शपथ. नुसता निघून गेलो होतो.

कुठे गेलो असेन हे तुला सांगायला नको. तू तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली. घरी तुला ताई म्हणायचं आणि शाळेत बाई, आणि चुकून वर्गात ताई म्हटलं की पट्टी. हिरवट भिंत, खडूचा वास, पायाखाली गार फरशी. आणि तू हजेरी घेत होतीस. आमच्या वर्गात एकाच नावाची चार-चार मुलं, म्हणून तू हजेरी टोपणनावांनीच घ्यायचीस. मी माझ्या नावाची वाट बघत होतो. फार बरं वाटत होतं, ताई. आपलं नाव आता येईल आणि आपण हजर म्हणू, एवढंच काम होतं माणसाला.

एवढ्यात शेजारच्या बाकावरच्या वयस्कर सभासदांनी मला कोपराने ढोसलं. शिक्षणमंत्र्यांचं उत्तर देऊन झालं होतं आणि अध्यक्ष माझं नाव पुकारत होते. मला ऐकू आला तो मंत्र्यांच्या बोलण्याचा शेवट. ते जरा चेष्टेतच विचारत होते, की सन्माननीय सदस्य एवढे तळमळतात, तर त्या शाळेत मुलं आहेत तरी कोण कोण, हे त्यांनी सभागृहाला सांगावं. मी उभा राहिलो. टाचणं मांडीवरून गालिच्यावर गेली. आणि मी सांगितलं.

म्हटलं, अध्यक्ष महोदय, लांब्या. भोपळा. बोबड्या. एका वेणीची. दोन वेण्यांची. सुताराचा मधला. रडूबाई.

आधी हशा पिकला. पण ताई, मला थांबताच येईना. तू जशी घ्यायचीस तशी, प्रत्येक नावामागे थोडं थांबून, मान वर करून बघत, मी पुढे चाललो. गोट्या म्हटलं, तर मागच्या रांगेतून कुणीतरी गमतीने ओरडलं, हजर! नकट्या म्हटलं, तर विरोधकांच्या बाजूने एक जाडा आवाज आला, हजर. मग प्रत्येक नावाला कुठून ना कुठून हजर येऊ लागलं. सत्तेतले, विरोधातले, एकमेकांशी बोलत नसलेले, खटले चालू असलेले. आणि हळूहळू त्यातली गंमत गेली आणि लोक खरंच हजर म्हणू लागले. लघुलेखक मान खाली घालून सगळं टिपत होते. अध्यक्षांनी हातोडा उचलला होता, तो तसाच हवेत राहिला. ढब्या म्हटल्यावर ते स्वतःच अगदी हळू हजर म्हणाले आणि मग खोकले.

मंत्र्यांनी मला एकच उपप्रश्न उलटा विचारला, जो नियमात बसत नाही. घंटा कोण वाजवायचं? मी म्हटलं, ज्याची पाटी सगळ्यात स्वच्छ तो. ते समोरचा कागद पाटीसारखा बाहीने पुसू लागले. मग भानावर येऊन त्यांनी जाहीर केलं, की एवढी मुलं असलेली शाळा बंद करण्याचा प्रश्नच येत नाही, कुणीतरी खालून चुकीची आकडेवारी पाठवलेली दिसते, आदेश स्थगित. आणि पुढल्या महिन्यात सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी ते स्वतः येऊन ही हजेरी ऐकणार. बाकं वाजली. मीही वाजवलं.

बाहेर आल्यावर प्रश्न शाखेतल्या त्याच कारकुनांनी मला जिन्याशी गाठलं आणि शांतपणे समजावलं, की सभागृहाला चुकीची माहिती देणं याला हक्कभंग म्हणतात, आणि त्यात सदस्याची आमदारकी जाऊ शकते. मी म्हटलं, माहिती चुकीची नाही, एकेक नाव खरं आहे. ते म्हणाले, खरं आहे हो, पण कधीचं?

तर असं आहे. शाळा वाचली आहे, पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. आमदारकीचं मला फार नाही, ती गेली तर मी गुरं राखीन, ते काम मला जमतं. पण मंत्री आले आणि त्यांना तुझी सात मुलं दिसली, तर कुलूप तिथल्या तिथे लागेल. मग तू सकाळी उठून कुठे जाशील, हे डोळ्यांपुढे येतं आणि मला इथल्या मऊ खुर्चीतही बसवत नाही. तू रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर पाठव. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक (शाळेबाहेर)
धाकटा

ता. क. मला एक युक्ती सुचली आहे. मी सांगितलेली सगळी अजून जिवंत आहेत आणि बरीचशी जवळपासच आहेत. लांब्याची बेकरी आहे, रडूबाई पोलिसात आहे आणि आता दुसऱ्यांना रडवते. मंत्री येतील त्या दिवशी तू या सगळ्यांना बोलावून बाकांवर बसव आणि हजेरी घे. मंत्र्यांनी हजेरी ऐकणार असं म्हटलं आहे, वय विचारणार असं म्हटलेलं नाही. मी नोंद तपासून घेतली. मीही येईन. तुझ्याकडे मागणं एवढंच आहे.

दुसरा ता. क. या सगळ्यांची मुलं कुठे जातात याचाही मी विचार केला. ती रोज सकाळी पिवळ्या बसने तालुक्याच्या मोठ्या शाळेत जातात आणि ती बस बोबड्याच चालवतो. त्याच्याशी कुणीतरी बोलायला हवं. मी बोललो असतो, पण आपल्या घरची दोन्ही पोरं इथे राजधानीत कुठल्या शाळेत जातात असं त्याने उलट विचारलं तर काय सांगू, ते अजून सुचलेलं नाही. सुचलं की कळवतो.

वन्सं, मी तुमची भावजय. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून मी उघडून वाचलं. (मागच्या वेळी यांनी तुमच्या पाकिटात विजेचं बिल घातलं होतं आणि वीज कंपनीला तुमची खुशाली विचारली होती.) मोठी माणसं बाकांवर बसवू नका, बाकं मोडतील आणि मंत्री काही इतके भोळे नसतात. आपल्या दोन्ही मुलांचे इथल्या शाळेतून दाखले काढून आणले आहेत. धाकटी नाचली, थोरला फुगून बसला आहे, दोन दिवसांत निवळेल. यांना अजून सांगितलेलं नाही, अधिवेशन संपलं की सांगेन. शनिवारी मुलांना घेऊन तिकडे राहायलाच येते, पटावर दोन नावं वाढवा. बोबड्याभावोजींशी आणि बाकीच्या घरांतल्या बायकांशी मी स्वतः बोलेन. यांना मात्र दारोदार पाठवू नका. हे मुलं मागायला जातील आणि मतं घेऊन परत येतील.