दारातला खांब

सोलापूर

आई,

तुज्या पायावर डोकं ठेवतो. मी बरा हाय. तारांचं काम करताना हातमोजे घालतो, काळजी करू नको. तुजा गुडगा कसा हाय? शेळी व्याली का? फोनवर तुला ऐकू येत न्हाय, म्हणून लिवतोय.

धाकट्या सिद्धरामनं सोलरची पाटी आणून तिची पिन घरातल्याच सॉकेटात खोचली, असं त्याची पूनम फोनवर सांगत हुती. ‘परवानगी लागत न्हाय, कायदाच झालाय,’ असं विकणारा म्हणाला म्हणं. कुटला कायदा? आमच्या हापिसात तसला कागद अजून कुणी बघितला न्हाय.

लाईट गेली की ती पाटी आपोआप बंद हुती म्हणं, न्हायतर तिची वीज उलटी खांबावरच्या तारेत जाईल. हुत असंलही. पण मी बंद तारेवरसुदा आदी साकळी टाकून ती जमिनीला जोडतो, मगच हात लावतो. मग विकणाऱ्याच्या शब्दावर इस्वास कसा ठेवू?

दिवसा लाईट जाईल तवा घरातला पंखा थांबतो का, तुज्या डोळ्यानं बघ. फिरतच राहिला तर पिन उपटून टाक. सिद्धराम चिडला तर चिडू दे की.

लाईट गेली की आपल्या दारातल्या खांबावर दुरुस्तीला नागूमावशीचा सतीश चढतो. त्यो साकळी टाकायचा कटाळा करतो.

तुजा,
बिरुदेव