खाऊचे पंधरा रुपये

कळवा, ७ जून १९५६

चि. सगुणा हिला आजीचा आशीर्वाद. वि. वि. ही दोन अक्षरं कशाला घालायची ते रात्रीच्या वर्गातल्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं, पण ती नसली तर पत्र उघडं दिसतं म्हणाले, म्हणून घातली. जोडाक्षरं चुकतील तिथे तू नीट करून वाच. पास झालेली तू आहेस, मी नाही.

तू कल्याणला गेल्यापासून तुझा बाप राघो फुगून आहे. मिठागरावर मुकादमी करतो, दिवसभर माणसांवर ओरडतो, आणि पोरगी परक्याच्या दवाखान्यात राहायला गेली म्हणून घरी भिंतीकडे तोंड करून जेवतो. भिंत बिचारी काही बोलत नाही. तुझी आई गोदा म्हणते, तुम्हीच तिला फूस लावलीत. मी फक्त नर्सचं शिकायला ठाण्याच्या इस्पितळाच्या दारात नेऊन सोडलं होतं, आत तू तुझ्या पायांनी गेलीस.

कोपरीच्या काळुरामने त्याच्या उत्तमसाठी तुला मागितलं आहे. उत्तमच्या रेतीच्या होड्या आहेत, तोंडात कायम पान आहे आणि बोलण्यासारखं काही नाही, त्यामुळे सगळ्यांना तो फार शांत मुलगा वाटतो. राघो म्हणाला, दिवाळीपर्यंत बघतो. नर्सचा मानाचा पगार घेतला तर राहू दे तिकडे, नाहीतर तुळशीचं लग्न लागलं की हिचं. म्हणून पगार किती ते लिही. हवापाणी लिहू नको, कल्याणचं हवापाणी मला ठाऊक आहे.

मी पत्राची वाट बघत नाही असं समज, म्हणजे लवकर लिहिशील.

तुझी आजी
हौसाबाई

*

कल्याण, ४ जुलै १९५६

ती. आजीस सगुणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, जोडाक्षरं दोनच चुकली होती. इथले डॉक्टर त्र्यंबकराव आणि त्यांच्या बाई फार चांगल्या. बाईंचं नाव कलावती, प्रसूतिगृहालाही तेच नाव आहे. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या की तू इथे नर्स नाहीस, आमची घरची मुलगी आहेस. त्यामुळे मी त्यांच्या स्वयंपाकघरातच जेवते. भाजी निवडून देते, देवाची भांडी घासते, आणि बाळंतिणींच्या खोलीबाहेर झोपते, म्हणजे हाक आली की लगेच उठता येतं. त्यांची लेक पुण्याला दिली आहे. या दिवाळसणाला जावयाला रेडिओ हवा आहे, म्हणून डॉक्टर सध्या काळजीत असतात.

पगाराचं विचारलंस. महिना झाल्यावर डॉक्टरांनी पाकीट दिलं. त्यावर ‘सगुणास खाऊसाठी’ असं लिहिलं होतं. आत पंधरा रुपये होते. माझ्याबरोबर पास झालेली जया ठाण्याला सरकारी इस्पितळात लागली, तिला सुरुवातीलाच साठ मिळतात. पण डॉक्टर म्हणतात, आधी हात बसू दे, मग बघू. बाबांना आकडा सांगू नकोस. मला इथलं काम आवडतं आणि मला परत यायचं नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे, ओरडा थोडा कमी चालेल.

तुझी
सगुणा

*

कळवा, १० जुलै १९५६

चि. सगुणा हिला आशीर्वाद. वि. वि.

खाऊ मिळाल्याचं कळलं. पंधरा रुपयांचा खाऊ म्हणजे बराच झाला, पोट सांभाळ.

तुला दत्तक दिल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. बारसं पुन्हा केलं का जुनंच नाव चालवतात? त्यांची पुण्याची लेक माहेरपणाला येते तेव्हा बाळंतिणीची घाण तीच काढते का? हाक आली की ती उठते आणि तू कूस बदलतेस, असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. आणि बाळंतिणीचा नवरा बिल भरायला येतो तेव्हा डॉक्टर त्याच्याकडून फी घेतात का खाऊ, तेवढं बघून कळव.

हात बसू दे म्हणे. तीन वर्षं तुझा हात काय उभा होता? सरकारने परीक्षा घेतली, शिक्का मारून कागद दिला. त्या कागदावर बापाच्या जागी राघोचं नाव आहे. त्र्यंबकरावांचं नाही, मी स्वतः वाचलं आहे. तेवढं वाचता येतं मला.

जा आणि सरळ विचार. लाजायचंच असेल तर पुढे उत्तमसमोर लाजायला अख्खा जन्म मिळेल.

राघोला आकडा सांगितला नाही. तो भिंतीला सांगेल म्हणून.

हौसाबाई

*

कल्याण, २ ऑगस्ट १९५६

ती. आजीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

विचारलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, मुलगी कधी बापाकडे हिशेब मागते का? बाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून माझ्या भातावर तूप पडलेलं नाही.

दुसरं असं, की डॉक्टर बाहेरगावी असताना एका बाईची सुटका मीच केली. तिच्या सासरच्यांनी खूश होऊन मला साडी आणली, हिरवी, जरीच्या काठाची. बाईंनी ती कपाटात ठेवली. तुझ्या लग्नाला देऊ, आम्हीच लावून देणार आहोत तुझं लग्न, असं आल्यागेल्यासमोर म्हणाल्या. या महिन्याच्या पाकिटावरही खाऊच लिहिलं होतं.

फी घेतात. पावतीसुद्धा देतात.

आजी, तू इथे येऊन भांडू नकोस. त्यांनी काढून टाकलं तर बाबा दिवाळीपर्यंतसुद्धा थांबणार नाहीत.

तुझी
सगुणा

*

कळवा, ७ ऑगस्ट १९५६

रा. रा. डॉक्टर त्र्यंबकराव आणि सौ. कलावतीबाई यांस हौसाबाईचा नमस्कार. वि. वि.

मी आमच्या, म्हणजे आता तुमच्या, सगुणाची आजी. तुम्ही तिला मुलगी मानलंत आणि तिचं लग्न लावून द्यायचं चार माणसांत बोललात हे ऐकून आमच्या डोक्यावरचा भार उतरला. आजकाल कोण कुणाचं करतं.

मुलगा कोपरीचा आहे. मुलीचा बाप मिठागरावर मुकादम आहे असं समजून त्यांनी सायकल मागितली होती. तोच बाप कल्याणचा डॉक्टर म्हटल्यावर ते काय काय मागतील ते मी सांगू शकत नाही. रेडिओ कुठला चांगला, ते तुम्हाला सध्या माहीत असेलच.

आम्ही आगरी माणसं. हळद मुलीच्या दारात लागते, तेव्हा ती आता तुमच्या दारात. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी आधी येऊन राहतील. त्या पहाटेपर्यंत गातात, बाळंतिणींनाही करमणूक होईल. हळदीला आमच्यात मटण लागतं, ते तुमच्या स्वयंपाकघरात शिजवायचं का मागच्या अंगणात, ते बाईंनी ठरवावं. मी त्यात बोलणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, त्याची तुमच्याकडे सोय आहेच.

कोपरीची मंडळी मुलगी बघायला तिच्या बापाच्या घरी, म्हणजे तुमच्याकडे, येतो म्हणतात. साधारण बैलगाडीभर असतील. ती मुलगी नसून तुमच्याकडे दुसरी कोणी म्हणून असेल, तर काय म्हणून आणि कितीवर, ते सहीने लिहून पाठवा. म्हणजे मी त्यांना तो कागद दाखवून थांबवीन.

आता आपण सोयरे. लोभ तुमच्याकडून सुरू झालाच आहे, तो खर्चासकट चालू ठेवावा.

हौसाबाई

*

कल्याण, ९ ऑगस्ट १९५६

श्रीमती हौसाबाई यांस, नमस्कार.

आपले पत्र उलट टपाली उत्तर देण्याजोगे असल्याने तातडीने लिहीत आहे. आपला गंभीर गैरसमज झालेला दिसतो. कुमारी सगुणा राघो ही आमच्या प्रसूतिगृहात परवानाधारक नर्स म्हणून नोकरीस आहे. ‘मुलगी’ हा शब्द केवळ बोलण्याच्या ओघात वापरला गेला. तिच्याशी आमचा कोणताही कौटुंबिक संबंध नाही व तिच्या विवाहाची कोणतीही जबाबदारी आमच्यावर नाही.

तिचे वेतन रुजू झाल्या दिवसापासून दरमहा साठ रुपये धरण्यात येत आहे. मागील फरक चालू महिन्यात देण्यात येईल.

कोपरीच्या मंडळींनी येऊ नये, ही आग्रहाची विनंती.

आपला
डॉ. त्र्यंबकराव

*

कल्याण, ३ सप्टेंबर १९५६

ती. आजीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू त्यांना काय लिहिलंस? डॉक्टर मला सिस्टर म्हणतात. बाईंनी साडी आणून दिली आणि बैलगाडी कल्याणला यायला किती वेळ लागतो ते दोनदा विचारलं. आता मी भाजी निवडत नाही. झोपायला वेगळी खोली मिळाली, तिचं भाडं आणि जेवणाचे पैसे पगारातून कापून घेतात. पाकिटावर ‘वेतन’ असं लिहिलं होतं.

पण आता मला इथे कुणी मुलगी म्हणत नाही. थोडं चुकल्यासारखं वाटतं.

कोपरीची माणसं खरंच येणार होती का? आणि बाबांचं काय? ते लवकर लिही. सोबत तुझ्या नावाने दहा रुपयांची मनिऑर्डर केली आहे.

तुझी
सगुणा

*

कळवा, १२ सप्टेंबर १९५६

चि. सगुणा हिला आशीर्वाद. वि. वि.

चुकल्यासारखं वाटतं ते पगाराची सवय नाही म्हणून. दोन महिन्यांत जाईल.

कोपरीच्या मंडळींना यातलं काहीच माहीत नव्हतं. कल्याणला कशाला जातील, त्यांना सायकल घरबसल्या हवी होती. डॉक्टरांचा कागद मी राघोपुढे ठेवला. ‘परवानाधारक नर्स’ एवढं त्याने मोठ्याने वाचलं, मग गोदाला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा वाचलं. तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. संध्याकाळी काळुरामकडे जाऊन सांगून आला की पोरगी नोकरीला आहे, एवढ्यात जमायचं नाही. काळुरामला वाईट वाटलं. उत्तमला काय वाटलं ते कळलं नाही, तोंडात पान होतं. काल राघो आमच्याकडे तोंड करून जेवला. भाजीत मीठ जास्त आहे म्हणाला, तेव्हा भिंतीशीच बरा होता असंही वाटलं.

हिरवी साडी नेस. ती लग्नाची नाही, कामाची आहे.

मनिऑर्डर घेतली. पण कूपनावर ‘आजीला खाऊसाठी’ असं लिहिलंस ते पोस्टमनने साऱ्या आळीत वाचून दाखवलं. इतकं सगळं होऊन तू काही शिकली नाहीस. पत्र लिहायला मला चार दिवस लागले, जोडाक्षरं मास्तरांकडून तपासून आणली, ती काय खाऊसाठी? पुढच्या वेळी कूपनावर ‘वकिलाची फी’ असं लिही.

आणि माझा हात आता बसला आहे, तेव्हा पंधरा पाठव.

हौसाबाई